आमिषाची क्लिप: नको तेव्हा सुटते, हवी तेव्हा अडकून बसते

किनाऱ्यावर उभं राहून समुद्रात शंभर मीटर लांब गळ फेकायचा असेल, तर शिशाची काळजी नसते, आमिषाची असते. दीडशे ग्रॅमचं शिसं, म्हणजे गळ लांब नेणारं वजन, बिनबोभाट उडत जातं. पण त्याच्यामागे दोन फूट दोऱ्यावर आमिष मोकळं लटकत असेल तर ते हवेत फडफडतं, गरगरतं, शिशाचा वेग खातं. मऊ आमिष असेल तर अर्ध्या वाटेतच फाटतं. शिसं पाण्यात पडतं आणि त्याच्यासोबत रिकामा गळ. आपण अर्धा तास रॉडच्या टोकाकडे बघत उभे.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच माहीत आहे. तिथे हिवाळ्यात कॉड आणि व्हायटिंग या माशांसाठी लोक थंडीवाऱ्यात उभे राहतात. आमिष बहुतेकदा लगवर्म, म्हणजे वाळूत बीळ करून राहणारा, रसाने टचटचीत भरलेला किडा. हा किडा जोराच्या फेकीत टिकवणं कठीण. म्हणून तिथे आमिष शिशाच्या मागे चिकटून उडेल आणि पाण्यात पडल्यावर आपोआप मोकळं होईल, अशी क्लिप वापरतात. आपल्याकडे कोकणात खडपावर बसून गरवणाऱ्याला हिची गरजच पडत नाही, कारण त्याचा मासा पायाखालच्या खोल पाण्यात असतो. पण बारा-चौदा फुटी सर्फ रॉड घेऊन पुळणीवर उभे राहणारे हौशी लोक आता इथेही दिसतात. त्यांच्या पेटीत या क्लिपा असतात आणि तक्रारीही त्याच असतात: क्लिप हवेतच सुटते, नाहीतर सुटतच नाही.

दोन्ही तक्रारींत लोक पहिला राग क्लिपवर काढतात आणि दुसऱ्या कंपनीची मागवतात. माझं मत असं की दहातल्या आठ वेळा क्लिप निर्दोष असते. चूक दोऱ्याच्या लांबीत असते, आणि तीही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची.

आधी रचना समजून घेऊ

रीलवरच्या दोऱ्याला पुढे शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा जाड दोरा, जोडलेला असतो. लीडरच्या टोकाला रिग, म्हणजे शिसं, क्लिप आणि गळ यांची बांधणी. रिगचा जो मुख्य जाड दोरा, साधारण 60 ते 80 पौंडी, म्हणजे तेवढी ओढ न तुटता सोसणारा, त्याला आपण कणा म्हणू. कण्याच्या खालच्या टोकाला शिसं. कण्यावर वरच्या बाजूला एक फिरकी, म्हणजे स्विव्हल, तिच्या वर-खाली एकेक मणी आणि मणी सरकू नये म्हणून क्रिम्प, म्हणजे दाबून बसवायची धातूची बारीक नळी, किंवा दोऱ्याची गाठ. या फिरकीतून एक बारीक दोरा निघतो, 20-25 पौंडी, त्याच्या टोकाला गळ. या बारीक दोऱ्याला इंग्लंडात स्नूड म्हणतात. आपणही तेच म्हणू.

क्लिप असते शिशाच्या अगदी वर. साधी क्लिप म्हणजे तारेचा एक छोटा आकडा. या आकड्याचं तोंड खाली, शिशाकडे उघडतं, हे नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं यावर उभं आहे. गळाचा बाक त्या आकड्यात अडकवायचा. स्नूड गळाला वर ओढतो, आकडा त्याला वर जाऊ देत नाही, आणि त्या ओढीमुळेच गळ जागेवर राहतो. वेगळी कडी नाही, कुलूप नाही. ओढ आहे तोवर गळ अडकलेला. ओढ संपली आणि गळ थोडा खाली घसरला की मोकळा.

पाण्यावर आपटल्यावर काय होतं? शिसं एकदम थबकतं. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात, तसं आमिष आपल्या वेगात पुढे, म्हणजे शिशाच्या दिशेने जातं. क्लिपचं तोंड त्याच दिशेला उघडं आहे, त्यामुळे गळ घसरून बाहेर पडतो. एवढीच युक्ती आहे.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती मिळतात. एक ही नुसत्या तारेची, जेमिनी कंपनीची जिनी या जातीतली. दुसरी धक्क्यावर सुटणारी. ब्रेकअवे कंपनीची इम्प ही त्यातली सगळ्यांत ओळखीची, आणि जेमिनीची स्प्लॅशडाउन त्याच कुळातली. इम्पमध्ये तारेच्या आकड्यासोबत प्लास्टिकची छोटी ढाल असते. पाण्यावर आपटताना पाणी त्या ढालीला ढकलतं आणि ढाल गळाला आकड्यावरून लोटून देते. शिवाय पाण्याचा पहिला तडाखा ढालीवर बसतो, आमिषावर नाही. मऊ आमिषासाठी हा फायदा मोठा आहे. म्हणून नवख्याने दुसऱ्या जातीपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. मात्र लांबी चुकली असेल तर ही क्लिपही तितकीच फसवते.

रॉड फिरवताना दोऱ्यावर काय येतं

लोक इथे विचार करत नाहीत, म्हणून जरा थांबू आणि आकडेमोड करू. अगदी ढोबळ.

समजा शिसं फेकणाऱ्याभोवती पाच मीटर त्रिज्येच्या कमानीत फिरतंय आणि सुटताना त्याचा वेग सेकंदाला 50 मीटर आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: 2500 भागिले 5, म्हणजे 500. गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पन्नासपट. तर दीडशे ग्रॅमचं शिसं त्या क्षणी साडेसात किलोसारखं ओढतं. आणि 40 ग्रॅमचं आमिष? दोन किलोसारखं.

ही दोन किलोंची ओढ बाहेरच्या दिशेने, म्हणजे शिशाकडे आहे. क्लिपचं तोंडही शिशाकडेच उघडं आहे. म्हणजे फेकीच्या ऐन जोरात आमिष नेमकं त्याच दिशेने निसटू बघतं, ज्या दिशेने ते पाण्यात पडल्यावर निसटावं अशी आपली इच्छा असते. क्लिपला दोन्ही क्षण सारखेच वाटतात.

त्या वेळी गळाला कोण धरून ठेवतं? स्नूड. पण स्नूड नायलॉनचा, आणि नायलॉन ताणतं. दोन किलोंच्या ओढीने स्नूड थोडा लांबतो, गळ तेवढा खाली सरकतो. दुसरीकडे शिशाच्या ओढीने कणाही ताणतो, क्लिप खाली जाते, आणि त्यामुळे स्नूड उलट जास्त घट्ट होतो. ही दोन ताणांची शर्यत आहे. स्नूड जास्त लांबला तर गळ सुटला. कणा जास्त लांबला तर गळ आणखी घट्ट बसला. आपण अडकवताना स्नूडमध्ये जो मूळ ताण ठेवतो, त्यावर ठरतं की शर्यतीत थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालेल की नाही.

मग रॉड सरळ होतो, दोरा सुटतो, ओढ अचानक कमी होते. ताणलेला कणा झटक्यात मूळ लांबीवर येतो. स्नूड सैल असेल तर या झटक्यात गळ उडून बाहेर पडतो. हा पहिला सेकंद पार पडला की पुढचं उड्डाण त्यामानाने सुरक्षित असतं, कारण हवा आमिषाला मागे, म्हणजे फिरकीकडे दाबते आणि त्याने गळ क्लिपमध्ये उलट घट्टच बसतो.

दोष ओळखायचा कसा

आमिष टाकून अर्ध्या तासाने दोरा गुंडाळला आणि गळ रिकामा आला, तर त्यावरून काहीच कळत नाही. ते हवेत गेलं की खेकड्यांनी खाल्लं? खेकडे वीस मिनिटांत गळ धुतल्यासारखा स्वच्छ करतात. म्हणून संशय आला की एक फेक तपासणीसाठी खर्च करायची. फेकायचं, शिसं तळाला टेकू द्यायचं, आणि लगेच गुंडाळून घ्यायचं. मग हातात आलेलं बघायचं.

गळ अजून क्लिपमध्येच आहे आणि आमिष शाबूत आहे, तर सुटलेलीच नाही. गळ मोकळा आहे, आमिष जागेवर आहे, स्नूड सरळ आहे, तर सगळं ठीक. गळ मोकळा आहे पण आमिष फाटलेलं किंवा गायब, आणि स्नूड कण्याभोवती वेलासारखा गुंडाळलेला, तर ती हवेत सुटली. तो वेटोळा फार बोलका असतो. पाण्याखाली सुटलेला स्नूड असा सहसा गुंडाळत नाही. हवेत गरगरल्याशिवाय असे पीळ पडत नाहीत.

कानही वापरा. आमिष नीट अडकलेलं असेल तर शिसं शिट्टीसारखा बारीक आवाज करत जातं. हवेत सुटलं तर आवाज जाड होतो, भिरभिर ऐकू येतं, आणि नेहमीच्या जोराने फेकूनही दोरा लवकर थांबतो. वारा पडलेला असेल तर शिसं पडल्यानंतर लांब कुठेतरी दुसरा छोटा चुबकाही ऐकू येतो. तो तुमच्या आमिषाचा.

लवकर सुटते त्याची कारणं

पहिलं आणि सगळ्यांत जास्त भेटणारं: स्नूड लांब झालाय. आणि तो आपोआप लांब होतो. घरी कोरड्या हाताने मोजून बांधलेला नायलॉन पाण्यात भिजला की जास्त ताणू लागतो. गाठी पहिल्या दोन-चार फेकींत आवळून बसतात आणि त्यांतून थोडा दोरा बाहेर येतो. एखादा बऱ्यापैकी मासा लागून गेला तर स्नूड कायमचा थोडा लांबतो. म्हणून पहिल्या फेकीनंतर आणि प्रत्येक माशानंतर स्नूडचा ताण बोटाने बघायची सवय हवी.

दुसरं, फिरकीच सरकली. स्नूडची सगळी ओढ फिरकीखालच्या मण्यावर येते आणि मण्याला धरून असतो तो क्रिम्प. क्रिम्प ढिला असेल तर फेकीत फिरकी एक-दीड सेंटिमीटर खाली येते. तेवढं पुरे. क्रिम्प जास्त दाबला तर कण्याला चिमटा बसतो आणि तिथूनच कणा तुटायची भीती. कितपत दाबायचं हे हाताला कळेपर्यंत काही रिग वाया जातातच. त्यापेक्षा मला पॉवर गमची, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या दोऱ्याची, गाठ बरी वाटते. ती अंगठ्याने जोर लावला तर सरकते, एरवी जागेवर बसते. किनाऱ्यावर उभ्या उभ्या ताण कमी-जास्त करता येतो.

यावर एक जुना, स्वस्त उपाय आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो. फिरकी आणि तिच्या खालचा मणी यांच्यामध्ये कण्यावर सेंटिमीटरभर मऊ सिलिकॉनची नळी किंवा बारीक स्प्रिंग घालायची. गळ क्लिपमध्ये अडकवताना फिरकी त्या नळीला थोडं दाबते. फेकीत स्नूड थोडा लांबला तर नळी फुगून फिरकीला वर ढकलते आणि ताण टिकून राहतो. मघाशी ज्या शर्यतीबद्दल बोललो तिच्यात एवढी सूट मिळाली की निम्मे प्रश्न मिटतात. फक्त उन्हात ठेवलेली नळी कडक होते. आपल्याकडच्या उन्हात तर फारच लवकर. तिच्यात दाब उरला नाही की ती असून नसल्यासारखी.

तिसरं कारण आमिषाचं वजन. अख्खं म्हाकूल किंवा बांगड्याचा जाड तुकडा लावून तुम्ही 15 पौंडी स्नूड वापरत असाल, तर दोरा ताणणारच. स्नूड जाड करा किंवा आमिष लहान करा. लांब फेकायचंय आणि आमिषही भलंमोठं हवं, असं चालत नाही.

चौथं फेकण्याच्या पद्धतीचं. पेंड्युलम पद्धतीत शिसं आधी लंबकासारखं पुढे-मागे झुलवतात. झोक्याच्या टोकाला शिसं क्षणभर हवेत थांबल्यासारखं होतं, दोरा सैल पडतो, आणि नुसत्या तारेच्या क्लिपमधून गळ तिथेच गळून पडतो. खरी फेक सुरू होण्याआधीच. फेकणाऱ्याची नजर समुद्राकडे असल्याने त्याला पत्ता नसतो. शिसं वाळूवर ठेवून सरळ ओढत फेकणाऱ्याला हा त्रास कमी, कारण एकदा ओढ आली की ती मध्ये सुटत नाही. पण वाळूवर ठेवताना कणा सैल पडून तिथेच क्लिप सुटू शकते. म्हणून रॉड हातात घेऊन दोरा ताणला की एकदा मान वळवून क्लिपकडे बघून घ्या.

आणि हो, मध्येच ब्रेक. रीलवरचा दोरा भसाभस सुटून गुंता होऊ नये म्हणून लोक स्पूलवर अंगठा लावतात. तो हळू लावला तर ठीक. हवेत असताना एकदम दाबला तर शिसं मागे खेचलं जातं, आमिष पुढे जातं, आणि क्लिपला वाटतं आपण पाण्यात पोचलो.

सुटतच नाही तेव्हा

ही तक्रार कमी ऐकू येते, कारण कळतच नाही. आमिष तळाला शिशाला चिकटून पडलेलं असतं, मासा आला तरी त्याच्या तोंडी गळ नीट जात नाही, आणि आपण म्हणतो आज मासेच नाहीत.

मुख्य कारण उलट बाजूचं: स्नूड आखूड. ते का होतं? गळ बदलला म्हणून. प्रत्येक वेळी गळ कापून नवा बांधला की दोन-तीन सेंटिमीटर दोरा जातो. फिरकी मात्र जुन्याच जागी. दोनदा गळ बदलला की स्नूड वाद्याच्या तारेसारखा ताठ. मग पाण्यावर धक्का बसला तरी गळाला खाली घसरायला वावच मिळत नाही. आणि याचा धोका वेगळा आहे: आखूड स्नूडवर शिशाचंही ओझं येतं. कण्याने उचलायचं वजन 20 पौंडी दोरा उचलू लागतो. फेकीच्या जोरात तो तुटला तर गळ आणि आमिष कुठल्याही दिशेने उडू शकतं.

दुसरं, क्लिप शिशाला टेकून बसलेली. आकड्याचं तोंड आणि शिशाची कडी यांच्यात गळाच्या बाकाला बाहेर पडायला जागाच नाही. तारांचं शिसं, म्हणजे वाळूत रुतणारे तारेचे पाय असलेलं, वापरत असाल तर त्याचे पायही मध्ये येतात. क्लिप अर्धा-पाऊण इंच वर सरकवून खाली रबराचा तुकडा किंवा मणी घातला की भागतं.

तिसरं, आमिषच अडकतं. मघाशीचे ते दोन किलो आठवा. फेकीत आमिष गळाच्या बाकाकडे दाबलं जातं. म्हाकलाची कातडी, कोळंबीचं सालपट, आमिष बांधायच्या बारीक इलॅस्टिक दोऱ्याचं लोंबणारं टोक, यांतलं काहीही क्लिपमध्ये शिरून बसतं. आमिष अशा रीतीने बांधा की गळाच्या बाकाचा तळ उघडा राहील. वरच्या बाजूला, गळाच्या दांडीवर, इलॅस्टिकचे दोन-चार वेढे जास्त द्या म्हणजे ते खाली सरकणार नाही. टोक कापून टाका. मासे साफ करणाऱ्या हाताला हे सांगावं लागू नये, पण किनाऱ्यावर अंधारात, बोटं गारठलेली असताना लोक हेच विसरतात.

गळाची जाडीही बघायची. जाड तारेचा 6/0 मापाचा मोठा गळ लहान क्लिपच्या आकड्यात पाचरीसारखा बसतो. हातानेच ओढून बघा: बोटाच्या हलक्या धक्क्याने निघत नसेल तर पाण्याच्या धक्क्यानेही भरवसा नाही. दोन गळांची पेनेल पद्धत असेल तर खालचाच गळ अडकवायचा, वरचा नाही.

क्लिपची तार वाकून तोंड मिटलं असेल तर पकडीने उघडता येतं, पण एकदाच. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की तिथे ती मोडते. इम्पच्या ढालीखाली वाळू, मीठ, वाळलेला रस साचतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं तर ही वेळ येत नाही.

फेक फार सपाट गेली तरी न सुटण्याची शक्यता वाढते. शिसं पाण्याला तिरकं घासत जातं, धक्का विभागला जातो आणि ढालीवर समोरून दाब येत नाही. डोक्यावरून, उंच कमानीत गेलेली फेक नाकाने पाण्यात शिरते आणि क्लिप नीट उघडते. वारा समोरून असेल तेव्हा सगळेच सपाट फेकतात, त्याला इलाज नाही. मग शिसं टेकल्यावर दोरा हाताने थोडा ताणून एकदम सोडून द्यायचा. कण्याला हिसका बसतो आणि अडखळलेला गळ बऱ्याचदा त्याने निघतो.

खिळ्यावरची तपासणी

हे सगळं किनाऱ्यावर शोधत बसण्यापेक्षा घरी करा. भिंतीला एक खिळा, त्याला रिगचं वरचं टोक अडकवायचं, खाली खरं शिसं, गळ क्लिपमध्ये. आमिषाच्या जागी तेवढ्याच वजनाचा ओल्या फडक्याचा तुकडा बांधला तर उत्तम. गळाच्या टोकाला रबर किंवा बुचाचा तुकडा टोचून ठेवा, घरात पोरंबाळं असतात.

आता बघा. कणा सरळ, शिशाचं वजन कण्यावर, आणि स्नूड त्याला समांतर, सरळ पण बोटाने छेडला तर किंचित हलणारा. हे बरोबर. स्नूडला झोळ असेल तर तो लांब आहे. कणाच धनुष्यासारखा बाहेर वाकला असेल तर स्नूड आखूड आहे आणि शिसं त्याच्यावर लटकतंय.

मग शिसं हातात धरून खाली दोन-तीन हिसके द्या. गळ सुटता कामा नये. त्यानंतर शिसं तळहाताने हळूच वर उचला, कणा सैल पडेल. साधी तारेची क्लिप असेल तर फडक्याच्या वजनाने गळ आपणहून गळून पडला पाहिजे. इम्प असेल तर ढालीला खालून अंगठ्याने दाबा, गळ टुणकन बाहेर आला पाहिजे. दोन्ही परीक्षा एकाच लांबीला पास झाल्या की तीच लांबी एका फळीवर दोन खिळे ठोकून कायमची करून ठेवा. पुढचे सगळे स्नूड त्या फळीवर मोजून बांधायचे, आणि किनाऱ्यावर गळ बदलण्याऐवजी अख्खा स्नूड बदलायचा. ओल्या हातांनी गाठ मारण्यापेक्षा ते लवकरही होतं.

दोन-तीन गळांच्या रिगमध्ये हेच तत्त्व साखळीने चालतं: खालचा गळ सुटला की वरच्याचा ताण जातो आणि तोही सुटतो. म्हणजे खालचा अडला की सगळेच अडले. एका गळाच्या रिगवर हात बसल्याशिवाय यात पडू नये. पुली रिगमध्ये कणा एका मण्यातून फिरतो आणि मासा ओढू लागला की शिसं खडकातून वर उचललं जातं. तिथेही फेकीच्या वेळी गळाचा दोरा आणि शिशाचा दोरा समांतरच असतात, त्यामुळे खिळ्यावरची तपासणी तशीच लागू पडते.

सुरक्षेचं एक गणित मात्र सोडू नका. शॉक लीडर शिशाच्या प्रत्येक औंसामागे किमान 10 पौंडांचा हवा. 5 औंस म्हणजे 140 ग्रॅमच्या आसपास, त्याला 50 पौंडी. 6 औंस, म्हणजे 170 ग्रॅम, त्याला 60 पौंडी. कणा लीडरपेक्षा हलका नको. फेकीत तुटलेलं शिसं माणसाचा जीव घेऊ शकतं. मुंबईच्या चौपाट्यांवर किंवा सुट्टीतल्या गणपतीपुळ्यात, जिथे मागे-पुढे माणसं फिरत असतात, तिथे असली जोराची फेक करूच नये.

शेवटी क्लिप कुठे लागतच नाही तेही सांगतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चेसिल बीच नावाची गोट्यांची लांबच लांब पट्टी आहे, सुमारे 29 किलोमीटर. पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे खडे, पूर्वेला पोर्टलँडच्या बाजूला मुठीएवढे गोटे. त्या पूर्वेच्या बाजूला किनारा इतका उतरता की काही मीटरवरच पाणी खोल होतं आणि मासा बऱ्याचदा जवळच फिरतो. तिथे चाळीस मीटरवर आमिष टाकायचं तर मोकळा स्नूड पुरतो, क्लिप म्हणजे बिघडण्याजोगी आणखी एक वस्तू. उलट सपाट, उथळ पुळणीवर, जिथे लाटा लांबवर फुटतात आणि मासा त्यांच्या पलीकडच्या खोलगट भागात असतो, तिथे ती हवीच. कोकणातल्या बऱ्याच पुळणी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. ओहोटीला जाऊन पाणी कुठे खोल होतं ते डोळ्यांनी बघून घेतलं, तर क्लिप लावायची की नाही हे फेकण्याआधीच ठरतं.